तुमच्यानंतर दुकान कोणाचं? मृत्युपत्रासाठी वकिलाकडे जाण्याआधी हे वाचा



व्यवसाय सुरू करताना आपण उद्यम नोंदणी करतो, शॉप ॲक्ट काढतो, जीएसटी नंबर घेतो, करंट खातं उघडतो. एजंट मागे लागला की विमासुद्धा घेतो. पण "उद्या मी नसलो तर हे दुकान कोण चालवणार, आणि कुठल्या कागदाच्या जोरावर?" हा प्रश्न घरात काढायची सोय नसते. काढला की आई म्हणते, "अभद्र बोलू नकोस." मग तो विषय राहतो तो राहतोच.

व्हिडिओत मी हा विषय दहा मिनिटांत उरकला होता. त्यावर इतकी विचारणा झाली की इथे नीट लिहायला बसले. मी वकील नाही. दुकानदार म्हणून वकिलासमोर बसताना काय माहीत असायला हवं, तेवढंच सांगते.

आधी हे समजून घ्या: दुकान म्हणजे तुम्हीच

आपल्यातले बहुतेक जण प्रोप्रायटर आहेत. बोर्डावर "अमुक ट्रेडर्स" असलं तरी कायद्याच्या नजरेत ते ट्रेडर्स म्हणून वेगळं कोणी नाही. दुकान म्हणजे मालक. त्यामुळे मालक गेला की दुकानाचा जीएसटी नंबर जसाच्या तसा बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर होत नाही. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाला स्वतःच्या पॅनवर नवीन नोंदणी घ्यावी लागते. जुन्या नंबरवर शिल्लक असलेलं इनपुट क्रेडिट आयटीसी-02 हा फॉर्म भरून नव्या नंबरवर न्यावं लागतं, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. आणि जो धंदा पुढे चालवतो, त्याच्याकडे जुना थकलेला कर भरायची जबाबदारीही येते. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा परवाना मालकाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी 90 दिवस चालू धरला जातो. तेवढ्यात वारसाने आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. तेराव्यापर्यंत दोन आठवडे असेच जातात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

बँकेचं तर विचारूच नका. मृत्यूची माहिती गेली की खातं थांबतं. दुकानातल्या क्यूआरवर येणारे पैसे त्याच खात्यात. "त्यांचा फोन घरातच आहे, पिन माहीत आहे, चालवू काही दिवस" असं घरचे लोक बिनदिक्कत करतात. ते करू नका. मृत माणसाच्या खात्यातून परस्पर पैसे काढणं बेकायदा आहे, आणि उद्या भावाभावांत फाटलं तर तेच स्टेटमेंट कोर्टात पुढे येतं. त्यापेक्षा आजच प्रोप्रायटरशिपच्या करंट खात्याला नॉमिनी लावा. बऱ्याच दुकानदारांना हेही माहीत नसतं की या खात्याला नॉमिनी लावता येतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून तर बँक खात्याला चार नॉमिनीपर्यंत लावता येतात.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

हा गैरसमज इतका पक्का आहे की मी प्रत्येक बॅचला तीनदा सांगते. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, म्हणजे बँकेची जबाबदारी संपते. नॉमिनी ते पैसे खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअर आणि डिमॅटच्या बाबतीत तरी नॉमिनी मालक होतो असं काही जण म्हणत होते, तेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निकालात काढलं. तिथेही नॉमिनी मालक नाही. सोसायटीतल्या गाळ्याचंही साधारण तसंच. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, गाळ्याची मालकी मात्र वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. आयुर्विम्यात थोडा फरक आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते.

म्हणजे नॉमिनी लावायचाच. पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, एक उदाहरण

समजा एक किराणा दुकानदार आहे, वय 42. गाळा स्वतःच्या कमाईतून घेतलेला. घरी आई, बायको, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा. वडील नाहीत, एक भाऊ, एक बहीण. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट आहे, गाळा तारण. मृत्युपत्र नाही.

तो गेला तर घरात सगळे म्हणतील, "दुकान आता वहिनीचं." कायदा तसं म्हणत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई येतात. चौघांना सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी पाव. (वडील हयात असते तरी ते पहिल्या वर्गात नसतात. ऐकून सगळ्यांना धक्का बसतो.)

आता बायको धीराने दुकानात उभी राहिली. दिवाळीचा माल भरायचाय, लिमिट आपल्या नावावर करून घ्यायला बँकेत गेली. बँक म्हणणार गाळा पुन्हा तारण करून द्या. पण गाळ्याचा निम्मा हिस्सा दोन अज्ञान मुलांचा आहे. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण ठेवायची असेल तर सख्ख्या आईलाही आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. आणि कोर्ट ती देतं ती मुलाची गरज किंवा उघड फायदा दिसला तरच. म्हणजे अर्ज, वकील, तारखा. तोवर होलसेलर उधारी थांबवतो, रॅक रिकामे दिसायला लागतात, आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. गिऱ्हाईक कोणासाठी थांबत नाही हो.

पुढचं अजून बघा. आईचा जो पाव हिस्सा आहे, तो ती गेल्यावर तिच्या वारसांकडे जाणार. म्हणजे दुकानदाराचा भाऊ आणि बहीणसुद्धा गाळ्यात हिस्सेदार, आणि त्याचा स्वतःचा वाटा पुन्हा त्याच्या मुलांकडे. कोणाचंही मन वाईट नसताना एका शटरला पाच मालक झाले. प्रत्येक कर्जाला, प्रत्येक विक्रीला पाच सह्या, त्यातल्या दोन कोर्टाच्या परवानगीने.

याच माणसाने दोन पानांचं मृत्युपत्र केलं असतं की "गाळा, माल, येणी आणि दुकानाचं नाव पत्नीला पूर्ण मालकीने, आणि आईच्या नावे अमुक एफडी", तर यातलं बरंचसं घडलंच नसतं. मुलांचं काय, असं कोणी विचारेल. मुलांना पोसणारी तीच आहे. 7 वर्षांच्या मुलाच्या नावावर पाव गाळा ठेवण्यापेक्षा त्याच्या आईच्या हातात चालतं दुकान असलेलं मला जास्त बरं वाटतं. हे माझं मत. तुमच्या घरची परिस्थिती वेगळी असेल तर वकिलाला सांगा, पालक आणि ट्रस्टी नेमण्याचे मार्ग आहेत.

दुकान तुम्ही चालवता, जागा वडिलांच्या नावावर

माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या तरुणांची सगळ्यात मोठी अडचण ही आहे. पंधरा वर्षं तुम्ही शटर उघडलं, फर्निचर तुम्ही केलं, जीएसटी तुमच्या नावावर. पण खरेदीखत वडिलांचं. मग जागा वडिलांचीच. तुम्ही चालवता म्हणून ती तुमची होत नाही. उद्या वडील मृत्युपत्र न करता गेले तर आई आणि सगळी भावंडं सारखी हिस्सेदार. लग्न झालेल्या बहिणीसुद्धा, अगदी तुमच्याइतक्याच. आणि जागा वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तरी 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच मुलासारखा हक्क दिलाय. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत अशी अटही नाही.

"बहीण काही मागणार नाही, ती म्हणालीय तसं." म्हणाली असेल. पण तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, आणि ते तिने राजीखुशीने करायचं असतं, राखीपौर्णिमेला पाच हजार हातात ठेवून नव्हे. तिच्या वाट्याचं काहीतरी वडिलांनीच मृत्युपत्रात ठेवलं, तर पुढे सही मागायला तिच्या दारात जावं लागत नाही, आणि माहेरही तुटत नाही.

वडिलांकडे विषय काढायचा कसा? "बाबा, तुमच्यानंतर" असं सुरू करू नका. "बाबा, बँक कर्जासाठी जागेचे कागद मागतेय, एकदा वकिलाला दाखवूया का" इथून सुरुवात होते. कागद टेबलावर आले की बोलणं आपोआप निघतं. वकिलाच्या खोलीत मात्र वडिलांना एकटं बोलू द्या. तुम्ही शेजारी बसून मजकूर सांगितलात, तर उद्या तोच मुद्दा मृत्युपत्राविरुद्ध जातो. ज्याचा फायदा आहे त्यानेच पुढाकार घेऊन करून घेतलेल्या मृत्युपत्राकडे कोर्ट संशयाने बघतं.

काही वडील म्हणतात, "मग आत्ताच बक्षीसपत्र करून देतो." घाई करू नका. बक्षीसपत्र केलं की मालकी आजच जाते, आणि साध्या कारणाने परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. शिवाय महाराष्ट्रात मुलांना, पती-पत्नीला 200 रुपयांच्या मुद्रांकात बक्षीस देता येतं ते राहतं घर आणि शेतजमीन. दुकानाच्या गाळ्याला ती सवलत नाही.

पागडीची जागा

जुन्या बाजारपेठेत पागडीवर दुकानं आहेत, त्यांनी हे नीट वाचा. तुम्ही भाडेकरू आहात, मालक नाही. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगितलंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे भाडेकरू गेल्यावर, त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू धरला जातो. तसा कोणी नसेल तर वारसांपैकी एक, आणि तो एकमताने ठरला नाही तर कोर्ट ठरवतं.

म्हणून इथे मृत्युपत्रातल्या वाक्यापेक्षा रोजचा पुरावा मोठा. पत्नी किंवा मुलगा खरंच दुकानात बसत असेल तर ते कागदावर दिसू द्या: पगार, कमिशन, भागीदारी, सह्या, जे खरं असेल ते. नुसतं दाखवण्यापुरतं काही करू नका.

भागीदारी

दोन मित्रांची भागीदारी असेल तर एक गेला की फर्म संपते. "करारात चालू राहील असं लिहिलंय" हे तीन किंवा जास्त भागीदार असतील तर उपयोगी. एका माणसाची भागीदारी कशी असणार? करारात वेगळं ठरलं नसेल, आणि उरलेल्यांनी हिशोब न मिटवता धंदा चालू ठेवला, तर गेलेल्याच्या वारसांना त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात नफा किंवा वर्षाला 6 टक्के व्याज मागता येतं. वकिलाकडून करारात तीन गोष्टी घालून घ्या: मूल्य कसं काढायचं, वारसांना पैसे किती हप्त्यांत द्यायचे, आणि वारसाला भागीदार म्हणून घेणं बंधनकारक आहे की नाही. मित्राच्या मेव्हण्याबरोबर धंदा करायची तुमची तयारी आहे का, हे आत्ता विचारा.

वकिलाकडे जाताना

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं. नोटरी केल्याने ते जास्त पक्कं होत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्या असं मी सांगेन. फी नाममात्र असते आणि "सही त्यांची नाहीच" हा वाद बराच कमी होतो. कायद्याने जे लागतं ते एवढंच: करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्याची सही, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलंय किंवा "ही माझी सही" असं त्याने त्यांना सांगितलंय, आणि ज्यांनी त्याच्यासमोर सही केलीय.

मग वकील कशाला, असं विचाराल. नेटवरून नमुना काढून करणारे आहेत. नमुन्यात वाक्यं चांगली असतात. तुमचा गाळा स्वकष्टाचा आहे की एकत्र कुटुंबाचा, पागडीचा आहे की मालकीचा, हे नमुन्याला माहीत नसतं. जे तुमचं नाही ते मृत्युपत्रात लिहिलं तर उपयोग शून्य. वकिलाचं खरं काम इथे आहे: कागद बघून "हे तुम्हाला देता येतं, हे देता येत नाही" असं सांगणं.

जाताना खरेदीखत किंवा भाडेकरार, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जाची मंजुरीपत्रं, विमा पॉलिसी, भागीदारीचा करार आणि सगळ्या वारसांची नावं-वयं घेऊन जा. दुरावलेला भाऊ, पहिल्या लग्नातलं मूल, काही लपवू नका. आणि धंद्याची यादी स्वतः करा, ती वकील करू शकत नाही. होलसेलरची देणी, गिऱ्हाइकांची उधारी, भिशी, डिपॉझिट, दुकानाचं नाव नोंदवलेलं असेल तर ट्रेडमार्क, इन्स्टाग्रामचं पेज, कोणाला हातउसने दिलेले पैसे. उधारीची वही तुमच्या डोक्यात असेल तर ती तुमच्याबरोबरच जाते.

कर्जाचं एक सांगते. वारसांना बाप-नवऱ्याचं कर्ज स्वतःच्या खिशातून फेडावं लागत नाही, वारशात जे मिळालं तेवढ्याच मर्यादेत जबाबदारी येते. पण बायकोने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर ती स्वतः देणेकरी. बँकेने "मॅडमची पण सही लागेल" म्हटलं तेव्हा ती सही कशावर होती, हे वकिलाला दाखवा. तेवढ्या रकमेचा मुदत विमा आहे का, तेही बघा. वारसा कराची भीती मात्र नको. आपल्याकडे इस्टेट ड्युटी 1985 मध्येच गेली.

वकिलाला फी आधी विचारा, आणि त्यात काय-काय येतं तेही: फक्त मसुदा, की नोंदणी, की पुढे बदल सुद्धा. मसुदा मराठीत मागा, तुम्हाला स्वतःला वाचता येईल असा. "माझी सर्व मिळकत" एवढंच नको, गाळा नंबर, क्षेत्रफळ, पत्ता हवा. शेवटी "यात न लिहिलेलं आणि पुढे मिळणारं सगळं अमुक व्यक्तीला" असं एक वाक्य आहे ना बघा. उद्या दुसरा गाळा घेतलात तर तो या वाक्यामुळे आत येतो. लाभार्थी तुमच्याआधीच गेला तर काय, हेही त्यात हवं. मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर नेमा, म्हणजे व्यवस्थापक. हिशोबी आणि शांत माणूस नेमा, मोठ्या मामाचा मान राखायला नव्हे. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान वयाचे आणि गावातलेच घ्या, कारण वाद झाला तर निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वडीलधाऱ्यांचं वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

प्रोबेट लागेल का, हेही विचारा. 2025 पर्यंत मालमत्ता कुठे आहे त्यावर हे ठरत होतं. मुंबई शहरात जागा असेल तर हा प्रश्न आवर्जून.

बायकांनी, म्हणजे स्वतःचा धंदा असलेल्या मैत्रिणींनी, हे दुप्पट लक्ष देऊन करा. हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली आणि नवरा-मुलं कोणी नसतील, तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. ब्युटी पार्लर तुम्ही उभं केलं, पहिलं भांडवल आईने दिलं, आणि मिळकत दिराकडे. पटत नसेल तर दोन पानं लिहा.

वरचं बरंचसं हिंदू कायद्याचं आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच मिळकत मृत्युपत्राने देता येते. गोव्यात तर वेगळाच कायदा आहे. तिथे निम्मी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते, आणि लग्नाने बहुतेकदा पती-पत्नी दोघंही निम्म्याचे मालक असतात. त्यामुळे पणजीत दुकान असेल तर वकील गोव्याचाच गाठा.

आणि एक. "मी मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिलंय" म्हणून निर्धास्त असलेले खूप भेटतात. देणारा गेला त्या क्षणी कुलमुखत्यारपत्र संपतं. आजारपणात, परगावी असताना ते कामाचं, नंतर नाही.

मृत्युपत्र झाल्यावर मूळ प्रत फक्त तुमच्या एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला वारसाचे कागद लागतात, आणि वारसाचा कागद लॉकरमध्ये असतो. मूळ प्रत एक्झिक्युटरकडे किंवा घरच्या कपाटात, झेरॉक्स वकिलाकडे, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी तोंडी सांगून ठेवा. नवीन गाळा, नवीन कर्ज, मूल, घटस्फोट, भागीदार बदलला, यातलं काहीही झालं की ते काढून पुन्हा वाचा. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र चालतं, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मोठा बदल असेल तर नवीनच करा आणि पहिल्या ओळीत "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं लिहा, तारखेसकट.